काँक्रीटमधील सूत



ज्यांच्या घराच्या स्लॅबने तीस-चाळीस पावसाळे पाहिले आहेत, त्यांनी आज घरी गेल्यावर एकदा मान वर करून छताकडे पाहावे. न्हाणीघराच्या बाजूला किंवा गच्चीवरच्या टाकीखाली कोठेतरी तांबूस डाग दिसेल. काही ठिकाणी गिलावा फुगलेला असेल. बोटाने ठोकला तर पोकळ वाजेल. आणखी काही वर्षांनी तेथला पोपडा खाली येतो आणि आतली सळई किडक्या दातासारखी उघडी पडते. मग गवंडी येतो, सिमेंटचा हात फिरवतो, रंगारी रंग देतो, आणि दोन पावसाळ्यांनी तोच डाग पुन्हा वर येतो. या डागाचा इतिहास सांगण्याचे मी आज योजले आहे. तो सांगता सांगता एका विलक्षण खटाटोपाची हकीकतही सांगणार आहे. काही माणसांनी काँक्रीटमधून लोखंड काढले आणि त्याच्या जागी चक्क सूत घालून पाहिले!

सूत घातलेले काँक्रीट म्हटले की हसू येणे साहजिक आहे. दगडाचे काम सुताने व्हावे, ही कल्पना कोणालाही चमत्कारिक वाटेल. परंतु आपल्या आजीपणजींना ती तशी वाटली नसती. भिंतीसाठी चिखल मळताना त्यात पेंढा किंवा भुस्सा घालावयाचा, हे त्यांना ठाऊक होते. नुसता चिखल वाळला की तडकतो; काडी घातलेला चिखल तडकला तरी धरून राहतो. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचे २०१६ साली एका अभ्यासातून प्रसिद्ध झाले. म्हणजे ठिसूळ पदार्थाला तंतूचा आधार द्यावा ही युक्ती आपल्याच डोंगरांत कित्येक शतके भिंतीला चिकटून बसलेली होती.

या युक्तीचे मर्म एका वाक्यात सांगता येईल. काँक्रीट दाब सोसते, ओढ सोसत नाही. त्याची ओढ सोसण्याची शक्ती दाब सोसण्याच्या शक्तीच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढी असते. दोन भिंतींवर टेकलेली तुळई वजनाखाली किंचित वाकते, तेव्हा तिचा वरचा भाग दबतो आणि खालचा ताणला जातो. या ताणल्या जाणाऱ्या भागात ओढ सोसणारे काहीतरी असावे लागते. ते काय असावे, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधता शोधता पावणेदोनशे वर्षे गेली आहेत.

इंग्लंडमध्ये जोसेफ ॲस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले ते १८२४ साली. पुढे पाव शतकाने, १८४८ च्या सुमारास, दक्षिण फ्रान्समधील मिराव्हाल येथे जोसेफ-लुई लाम्बो नावाच्या एका जमीनदाराने लोखंडी तारांची जाळी करून तिच्यावर सिमेंट थापले आणि त्याची चक्क होडी केली. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने ती मांडली आणि पेटंटही घेतले. लाकूड पाण्यात कुजते, म्हणून लाकडाला पर्याय काढावा, एवढाच त्याचा हेतू होता. त्याची एक होडी आजही फ्रान्समधील ब्रिन्योल गावच्या संग्रहालयात आहे.

दुसरा गृहस्थ जोसेफ मोनिए. हा पेशाने माळी. लाकडी कुंड्या कुजतात, मातीच्या फुटतात, या रोजच्या कटकटीतून त्याने लोखंडी जाळीवर सिमेंट लिंपून कुंड्या केल्या आणि १८६७ साली पेटंट मिळवले. पुढे त्याने नळ, टाक्या, आणि १८७५ साली शाझले येथे एक लहानसा पूलही केला. या माळ्याला गणित येत नव्हते. त्याने जाळी घातली ती वस्तूला आकार यावा म्हणून. ती नेमकी कोठे असावी याचा हिशेब त्याच्याजवळ नव्हता. तो हिशेब १८८६-८७ च्या सुमारास जर्मनीत माथियास क्योनेन या अभियंत्याने मांडला. लोखंड ओढ पडते त्या बाजूला हवे, हे त्याने दाखवून दिले. मोनिएच्या पेटंटाचे जर्मनीतील हक्क घेणाऱ्या जी. ए. वाइस याने हा हिशेब पुस्तकरूपाने छापून सर्वत्र पोहोचवला. १८९२ साली फ्रान्समध्ये फ्राँस्वा एनबिक याने स्वतःच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि खांब, तुळई व स्लॅब यांची एकसंध इमारत उभी राहू लागली. मोनिए मात्र १९०६ साली हलाखीतच वारला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लाम्बोच्या होडीत आणि मोनिएच्या कुंडीत होती ती बारीक तारेची दाट जाळी. पातळ अंगाच्या वस्तूला साजेल अशी. एका अर्थी ते लोखंडाचे विणकामच होते. पुढे इमारती मोठ्या झाल्या, वेळ आणि मजुरी वाचवावयाची झाली, तेव्हा जाळी जाऊन बोटभर जाडीच्या सळया आल्या. इटलीत पिएर लुइजी नेर्वी याने १९४० नंतरच्या दशकात बारीक जाळीची जुनी विद्या पुन्हा हाती घेतली, होडीही केली, आणि तूरिनच्या प्रदर्शनगृहाचे पातळ, देखणे छप्पर उभारले. परंतु बाकीचे जग सळईच्याच वाटेने गेले.

सळईची वाट चुकीची होती असे कोणी म्हणू नये. तिने जगाला घरे दिली, धरणे दिली, पूल दिले. लोखंड आणि काँक्रीट उष्णतेने जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, म्हणून त्यांचा संसार टिकतो. शिवाय ताजे काँक्रीट तीव्र अल्कलीयुक्त असते. त्या अल्कलीमुळे सळईवर एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा धरतो आणि तोवर गंज चढत नाही. आमच्या आधीच्या पिढीने काँक्रीटला अमर मानले ते यामुळेच.

परंतु हवेतला कार्बन डायऑक्साइड वायू काँक्रीटच्या छिद्रांतून दरवर्षी थोडा थोडा आत शिरतो आणि ती अल्कली मारत जातो. समुद्रकाठी खारी हवा हेच काम अधिक झपाट्याने करते. हे आक्रमण सळईपर्यंत पोहोचले की पापुद्रा नाहीसा होतो आणि पाणी व प्राणवायू मिळताच गंज सुरू होतो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा मागतो. ती जागा तो भोवतीचे काँक्रीट फोडून घेतो. छताचा पोपडा पडतो तो असा. पोपडा हा शेवटचा अंक. नाटक कित्येक वर्षे आधी सुरू झालेले असते.

यावर उपाय म्हणून सळईवर काँक्रीटचे जाड पांघरूण घालतात. आपल्या भारतीय मानक ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीत हे पांघरूण सौम्य हवामानात २० मिलिमीटर, तर समुद्रकाठच्या हवेत ४५ मिलिमीटर असावे असे सांगितले आहे. वजन पेलण्याच्या कामी या पांघरुणाचा फारसा उपयोग नसतो. ते केवळ लोखंडाच्या रक्षणासाठी. म्हणजे घरात शिपाई ठेवावा आणि शिपायाच्या रक्षणासाठी आणखी एक भिंत बांधावी, त्यातला हा प्रकार. त्या भिंतीचे वजन पेलण्यासाठी पुन्हा जाड तुळई, तिच्यासाठी जाड खांब, खांबासाठी मोठा पाया. साऱ्या जगातून हवेत सोडल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या वाट्याला येतो, हे लक्षात घेतले म्हणजे या पांघरुणाची खरी किंमत कळते.

शिवाय हे पांघरूणही नेहमी पुरते असे नाही. पणजीच्या मांडवी नदीवरील पूल बांधून पुरी दोन दशकेही झाली नव्हती, तोच १९८६ सालच्या ५ जुलैला तो कोसळला. त्याच्या आत ताणून बसवलेल्या पोलादी तारा खाडीच्या हवेत गंजल्या होत्या. नवा पूल होईपर्यंत पणजीकरांना फेरीबोटींवर भिस्त ठेवावी लागली. आदल्याच वर्षी वेल्समधील एक लहान पूलही असाच तारा गंजून पडला होता. लोखंड काँक्रीटमध्ये मुरले म्हणजे सुरक्षित झाले, हा भ्रम त्या वर्षी सुटावयास हवा होता.

मग लोखंडाऐवजी न गंजणारे काही घालावे, हे ओघानेच आले. १९०० च्या सुमारास ऑस्ट्रियात लुडविग हात्शेक याने सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू मिसळून पत्रे केले. ते जगभर खपले, आपल्याकडेही घरोघर चढले. पुढे ॲस्बेस्टॉसची धूळ फुप्फुसांचे घातक रोग आणते हे सिद्ध झाले आणि अनेक देशांनी त्यावर बंदी घातली. मग लोकांची नजर काचेच्या तंतूकडे वळली. काच गंजत नाही, स्वस्त असते, आणि बारीक ओढली की ओढीला पोलादालाही मागे सारते. पण येथे एक गंमत झाली. जी अल्कली लोखंडाचे रक्षण करते तीच काचेला खाते! साधी काच काँक्रीटमध्ये काही काळातच दुबळी पडू लागली. हा पेच सुटला इंग्लंडमधील इमारत संशोधन केंद्रात. तेथे डॉ. ए. जे. मजुमदार हे बंगाली आडनावाचे शास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० नंतरच्या दशकात झिर्कोनियायुक्त काचेचे तंतू तपासून पाहिले. त्यांना अल्कलीचा उपद्रव पुष्कळच कमी होतो असे आढळले. पिल्किंग्टन या काचकारखान्याने १९७१ च्या सुमारास ते तंतू बाजारात आणले.

हे तंतू तुकडे करून काँक्रीटच्या मिश्रणात विस्कटून टाकीत. त्यातून सुबक फरश्या आणि दर्शनी तावदाने झाली, पण वजन पेलण्याचे काम होईना. कारण उघड आहे. विस्कटलेले तंतू सर्व दिशांना तोंड करून पडतात. ओढ ज्या दिशेला आहे त्या दिशेला त्यांतले थोडेच सापडतात, बाकीचे फुकट जातात. हवे तेथे, हवे तितके, हव्या दिशेला सूत बसवावयाचे तर ते विणलेच पाहिजे. आणि विणायचे म्हटले की ते काम सिव्हिल इंजिनीअरचे राहात नाही. ते कोष्ट्याकडे जाते.

म्हणून आता ही कथा सॅक्सनीकडे वळते. पूर्व जर्मनीतील हा प्रांत पिढ्यान्‌पिढ्या कापडाचा. त्यातील केम्निट्झ शहराला सॅक्सनीचे मँचेस्टर म्हणत, जसे आपण इचलकरंजीला महाराष्ट्राचे म्हणतो. या प्रांतातल्या लिम्बाख-ओबरफ्रोना गावी हाइनरिख माउअर्सबेर्गर याने १९४९ साली कापड करण्याची एक निराळीच तऱ्हा काढली. माउअर्सबेर्गरचा ‘मा’ आणि लिम्बाखचा ‘लि’ घेऊन तिला ‘मालिमो’ हे नाव पडले. आपल्या सोलापूरच्या चादरीत बाण्याचा धागा ताण्याच्या एका धाग्याच्या वरून, दुसऱ्याच्या खालून, असा नागमोडी जातो. मालिमोत तसे नाही. उभे धागे सरळ पसरावयाचे, आडवे त्यांच्यावर सरळ पसरावयाचे, आणि तिसऱ्या बारीक दोऱ्याने यंत्राने दोहोंना टाके घालून गाठावयाचे. काम झपाट्याने होते आणि धागे सरळ राहतात.

धागा सरळ राहण्यात एवढे काय आहे, असे कोणी विचारील. नागमोडी धाग्याला ओढ लागली की तो आधी सरळ होतो आणि मग ताण घेतो. कापडाच्या बाबतीत याने काही बिघडत नाही. पण काँक्रीटमध्ये धागा सरळ होईपर्यंत चीर रुंद होऊन जाते. सरळ धागा पहिल्या क्षणापासून काम करतो. टॉवेल आणि पोशाख यांच्यासाठी निघालेली ही तऱ्हा पुढे पुलांच्या कामाला येईल, हे माउअर्सबेर्गरच्या स्वप्नातही आले नसेल.

केम्निट्झमधील सॅक्सनीच्या कापड संशोधन संस्थेत १९८० नंतरच्या पहिल्या वर्षांतच कापडाने बळकट केलेल्या काँक्रीटची कल्पना निघाली, आणि १९८२ साली तिचे पेटंट झाले. हे साल आपल्याला निराळ्या कारणाने आठवते. त्याच वर्षीच्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरणगावाचे भोंगे बंद पडले. सॅक्सनीच्या गिरण्यांवर ती पाळी आठ वर्षांनी आली. १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाल्या, पूर्वेचा माल खुल्या बाजारात टिकेना, आणि बहुतेक गिरण्यांना कुलुपे लागली. हजारो हातांचे कसब एकाएकी निरुपयोगी ठरले. परंतु तेथे एक गोष्ट वाचली. मागाचे यंत्रशास्त्र जाणणारे प्राध्यापक, संस्था आणि यंत्रे बनवणारे कारखाने शिल्लक राहिले, आणि कपड्याशिवाय आणखी कशासाठी विणता येईल याचा ते शोध घेऊ लागले.

ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठात कापडशास्त्राचे प्राध्यापक पेटर ओफरमान हे अशांपैकीच. १९९४ साली त्याच विद्यापीठात मान्फ्रेड कुर्बाख हे काँक्रीटचे प्राध्यापक म्हणून आले. दोघांची गाठ पडली. विणणाऱ्याला काँक्रीट कळत नव्हते, काँक्रीटवाल्याला विणकाम कळत नव्हते; पण परस्परांना विचारण्याची लाज त्यांनी धरली नाही. तिकडे पश्चिम सीमेवरील आखेनमध्ये योसेफ हेगर आणि त्यांचे सहकारी याच विषयाला भिडले होते. १९९९ साली दोन्ही शहरांत मोठी संशोधनकेंद्रे निघाली आणि बारा वर्षे चालली. नव्या वस्तू कशा बांधाव्यात हे आखेनने पाहावे, जुन्या वस्तू कशा बळकट कराव्यात हे ड्रेस्डेनने पाहावे, अशी साधारण वाटणी होती.

या संशोधनाचा आरंभ कशाने झाला असेल? होडीने! जर्मनीत विद्यार्थ्यांच्या काँक्रीटच्या होड्यांची शर्यत भरते. १९९६ साली ती ड्रेस्डेनला झाली, तेव्हा कापड घातलेल्या काँक्रीटच्या होड्या पाण्यात उतरल्या. लाम्बोच्या होडीनंतर दीडशे वर्षांनी काँक्रीटची दुसरी सोयरीक पुन्हा पाण्यावरच जुळावी, याला मी निव्वळ योगायोग म्हणणार नाही. नव्या पदार्थावर माणसाचा विश्वास बसण्यापूर्वी त्याला अशी जागा लागते की जेथे तो फसला तर चारजण भिजतील, पण कोणी दगावणार नाही.

प्रत्यक्ष अडचणी मात्र पुष्कळ निघाल्या, आणि त्यांतील मुख्य अडचण आपल्याकडच्या कोणत्याही सायझिंगवाल्याला चटकन समजेल. या कामासाठी जो धागा घेतात तो पीळ दिलेले सूत नसतो; तो हजारो तंतूंचा पेळू असतो. कार्बनच्या जाड पेळूत ५०,००० पर्यंत तंतू असतात, आणि एकेक तंतू सुमारे सात मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाच्या दहाव्या हिश्शाएवढा. असा पेळू काँक्रीटमध्ये ठेवला तर सिमेंट बाहेरच्या तंतूंना धरते, आतल्यांपर्यंत पोहोचत नाही. ओढ लागली की बाहेरचे तंतू सारा भार घेऊन तुटतात आणि आतले नुसते घसरतात. हिशेबात शक्ती हजारांची, कामाला येते ती मूठभरांची. यावर उपाय निघाला तो खळीचा. मागावर चढवण्यापूर्वी ताण्याला जशी खळ देतात, तसे या जाळ्याला राळेसारख्या पदार्थात भिजवून वाळवावयाचे. मग सर्व तंतू एकमेकांना बांधले जातात आणि एकदिलाने ओढतात. खळ कोणती, किती, आणि ती उन्हाने व आगीने मऊ पडली तर काय, या प्रश्नांवर वर्षेच्या वर्षे गेली.

दुसरी अडचण खडीची. जाळ्याची भोके जेमतेम सेंटिमीटरभर. त्यांतून नेहमीची खडी जाणार कशी? म्हणून एक-दोन मिलिमीटरपर्यंतच कण असलेले बारीक, पण अतिशय बळकट मिश्रण करावे लागले. एक पातळ थर थापावयाचा, त्यात जाळे दाबावयाचे, पुन्हा थर, पुन्हा जाळे. काम गिलाव्याच्या हाताचे. पण त्याला चित्रकाराची काळजी हवी.

काचेबरोबर कार्बनही आला. ज्या जातीच्या कृत्रिम लोकरीचे आपण स्वेटर घालतो, त्याच जातीचा धागा हवा न लागू देता हजार अंशांपलीकडे तापवला की बाकी सारे जळून कार्बन तेवढा उरतो. १९६० च्या सुमारास जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी ही रीत दाखवली. हा कार्बन पोलादाच्या चौथ्या हिश्शाहूनही हलका, आणि त्याच्या जाळ्याची ओढ सोसण्याची शक्ती नेहमीच्या सळईच्या पाच-सहापट. त्याला गंज नाही आणि अल्कलीचे भयही नाही. त्याला शिपायासाठी भिंत लागत नाही; सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पांघरूण पुरते.

पहिला पूल झाला २००५ साली, सॅक्सनीतील ओशात्स गावी. लांबी नऊ मीटरच्या आत-बाहेर, अंगाची जाडी अवघी तीन सेंटिमीटर, वजन सुमारे पाच टन. तो बांधला गेला प्रांताच्या उद्यानप्रदर्शनासाठी, म्हणजे पुन्हा एकदा बागेतच. मोनिए माळ्याचा आत्मा संतुष्ट झाला असेल! पुढे २००७ साली केम्प्टेनला दुसरा पूल झाला. २०१० साली आल्बश्टाटजवळ लाउटलिंगेन येथे सुमारे शंभर मीटर लांबीचा पादचारी पूल झाला, तो एका जुन्या पुलाच्या जागी. जुना पूल सळईचा होता. बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने त्याच्या सळया गंजवल्या आणि तो पाडावा लागला. अर्थात नव्या पुलातही ताण देण्यासाठी पोलादी तारा ठेवल्याच होत्या; संपूर्ण कार्बनच्या जाळ्यावर उभा राहिलेला लहान पूल आल्बश्टाटमध्येच २०१५ साली झाला.

नव्या पुलांचे कौतुक मोठे झाले. पण मला विचाराल तर या विद्येचे खरे मोल जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत आहे. श्वाइनफुर्ट येथे १९६० नंतरच्या दशकातील एका महाविद्यालयाच्या व्याख्यानगृहावर खोगिराच्या आकाराचे छत आहे; जाडी आठ सेंटिमीटर, पसारा सुमारे ३९ मीटर. ते वजनाला कमी पडू लागले. नेहमीच्या रीतीने बळकट करावयाचे तर सळया बांधून सात-आठ सेंटिमीटर काँक्रीट चढवावे लागले असते. म्हणजे दुखणाइताला बरे करण्यासाठी त्याच्याच खांद्यावर दुसरा माणूस बसवण्यासारखे. २००६ साली त्यावर कार्बनच्या जाळ्याचे तीन पदर घालून केवळ दीड सेंटिमीटरचा थर चढवला, आणि छत वाचले. झ्विकाउ येथील सरकारी कचेरीचे १९०३ सालचे कमानी छप्परही असेच वाचले. ही सारी कामे सुटी परवानगी घेऊन करावी लागत. दुरुस्तीच्या या पद्धतीला जर्मनीत सर्वसाधारण मान्यता मिळाली २०१४ साली. कुर्बाख, ओफरमान आणि त्यांच्यानंतर कापडशास्त्राच्या गादीवर आलेले शोक्री शेरीफ या तिघांना २०१६ साली जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांचा ‘भविष्य पुरस्कार’ देण्यात आला. २०२२ साली ड्रेस्डेनमध्ये कार्बन-काँक्रीटची पहिली इमारत उघडली. तिच्या भिंती पिळदार होत वर जाऊन छप्पर बनतात.

येथे थांबून टाळ्या घेणे मला सोपे होते. परंतु इतिहास सांगणाऱ्याने दुसरी बाजू लपवू नये. कार्बनचा धागा किलोमागे पोलादाच्या कित्येक पट महाग आहे. तो करावयाला उष्णता आणि वीज भरपूर लागते. सिमेंट वाचले त्यातला काही भाग तेथे खर्च होतोच. आगीत सळई जितका वेळ टिकते तितका वेळ खळ दिलेले जाळे टिकेल, असे सरसकट म्हणता येत नाही. झिर्कोनियाची काचही वर्षानुवर्षांच्या अल्कलीपुढे थोडी थोडी झिजतेच. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे काळ. सळईच्या काँक्रीटचे दोष कळावयाला आपल्याला शंभर वर्षे लागली. सुताच्या काँक्रीटचे वय अजून तीस वर्षांचे आहे. आमच्या आजोबांनी सळईला अमर मानण्याची जी चूक केली, तीच आपण सुताबाबत करू नये.

या इशाऱ्याबरोबरच दुसराही एक इशारा ड्रेस्डेननेच दिला. २०२४ सालच्या ११ सप्टेंबरला पहाटे तीनच्या सुमारास, या संशोधनाच्या माहेरघरी, एल्ब नदीवरील कॅरोला पुलाचा सुमारे शंभर मीटरचा भाग नदीत कोसळला. शेवटची ट्राम त्यावरून काही मिनिटांपूर्वीच गेली होती. म्हणून कोणी दगावले नाही. हा पूल १९७१ साली पुरा झालेला. त्याच्या आतल्या पोलादी तारांना बांधकामाच्या वेळीच दमटपणाने बाधा झाली होती, आणि त्यांत पडलेल्या सूक्ष्म चिरा पन्नास वर्षे वाढत होत्या. वरून काही दिसत नव्हते. ज्या गावात लोखंडाला पर्याय शोधणारे जगातले नामांकित लोक राहतात, त्या गावाच्या पुलाला तो पर्याय वेळेवर लाभला नाही. शोध लागणे आणि तो गावाच्या उपयोगी पडणे यांत फार मोठे अंतर असते. ते अंतर प्रयोगशाळा तोडू शकत नाही. त्यासाठी नियम करावे लागतात, गवंड्यांना शिकवावे लागते, तपासणीसाठी नगरपालिकेने पैसा काढावा लागतो, आणि नागरिकांनी तो काढावयास लावावा लागतो. कापड व कार्बन यांसारख्या बिनधातूच्या आधाराने काँक्रीट कसे बांधावे याची सामान्य नियमावली जर्मनीत निघाली तीही २०२४ सालीच.

म्हणून आपण आज येथून काय घेऊन जावे? उद्या कोणी कंत्राटदार कार्बनचे जाळे घेऊन आपल्या दारी येईल, असे मी सांगत नाही. मी दोनच गोष्टी मागतो. पहिली, छतावरच्या त्या तांबूस डागावर केवळ रंग देऊ नका. तो आत चाललेल्या कामाची बातमी आहे. जाणकाराला बोलावून ती वाचून घ्या. आपल्या गावांतल्या शाळा, दवाखाने, पाण्याच्या टाक्या बऱ्याचशा सळईच्या काळातल्या आहेत. त्या सर्व पाडून नव्याने बांधण्याइतका पैसाही आपल्याजवळ नाही आणि सिमेंट जाळण्याइतकी हवाही नाही. त्यांना पातळ, हलक्या, न गंजणाऱ्या वस्त्राने सावरता येईल काय, हा प्रश्न जर्मनीइतकाच आपलाही आहे.

दुसरी गोष्ट आपल्या मागवाल्या गावांसाठी. सॅक्सनीत गिरण्या बंद झाल्या, पण विणण्याची विद्या मेली नाही. तिला दुसरे गिऱ्हाईक मिळाले. विणणाऱ्याने धोतर-लुगड्यापलीकडे पाहिले आणि बांधणाऱ्याने वाळू-खडीपलीकडे पाहिले, तेव्हा हे घडले. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, सोलापूर येथे आजही यंत्रमाग चालतात, आणि त्यांच्याच शेजारी अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत. त्या दोन इमारतींमध्ये कित्येकदा एका रस्त्याचेच अंतर असते. तो रस्ता ओलांडून कोणी पेटर ओफरमान एखाद्या मान्फ्रेड कुर्बाखच्या दारावर थाप मारील काय, एवढेच पाहावयाचे आहे.

 घरी गेल्यावर छताकडे पाहण्याचे मात्र विसरू नका.